अधू पायाचा आचारी : ब्रदर लॉरेन्स



आपल्या कळमेश्वरात कोणी एमआयडीसीत कामाला जातो, कोणी शेतात, तर कोणी संत्र्याच्या बागेत. हातापायाला मार लागला की घरी बसावे लागते. परत गेल्यावर हलके काम मिळते. तेव्हा दुखण्यापेक्षा एक विचार जास्त टोचतो, तो म्हणजे आता आपण पूर्वीसारखे कामाचे राहिलो नाही. अशा वेळी आम्हांला ब्रदर लॉरेन्स आठवतात.

त्यांचे मूळ नाव निकोला हर्मन. सुमारे १६१४ साली, आज फ्रान्समध्ये असलेल्या लॉरेन प्रांतातील एका खेड्यात, गरीब घरात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते सैन्यात भरती झाले. १६३५ साली युद्धात ते जबर जखमी झाले आणि त्यांचा पाय कायमचा अधू झाला. सैनिकाचा पेशा सुटला. मग ते एका अधिकाऱ्याच्या घरी नोकर म्हणून राहिले. पण तेथेही त्यांच्या हातून वस्तू फुटत.

१६४० साली ते पॅरिसमधील अनवाणी कार्मेली मठात व्रतस्थ बंधू म्हणून दाखल झाले. शिक्षण बेताचे असल्यामुळे ते धर्मगुरू झाले नाहीत. त्यांना स्वयंपाकघर मिळाले. खरे तर त्या कामाची त्यांना मुळीच आवड नव्हती. तरीही लंगडत, चुलीपुढे उभे राहून, त्यांनी मोठ्या मठाचा स्वयंपाक कित्येक वर्षे केला. भांड्यांच्या गडबडीतही देव तितकाच जवळ असतो, जितका वेदीपुढे, हे ते तेथेच शिकले.

पुढे पायाचे दुखणे वाढले व उभे राहणे जड जाऊ लागले. तेव्हा त्यांना बसून करण्याचे, मठवासीयांच्या चपला तयार करण्याचे काम दिले गेले. ते त्यांनी कमीपणाचे मानले नाही. ज्याला स्वतःला धड चालता येत नव्हते, त्याने इतरांच्या पायांची काळजी घेतली.

१२ फेब्रुवारी १६९१ रोजी ते देवाघरी गेले. त्यानंतर त्यांची पत्रे व संभाषणे छापली गेली आणि जगभर वाचली गेली. त्यांच्याकडे सल्ल्यासाठी मोठमोठी माणसे येत, ती या आचाऱ्याकडे, या चपला करणाऱ्याकडे.

बंधुभगिनींनो, आपल्या शेजारी कोणी जखमी होऊन घरी असेल, तर या आठवड्यात त्याला भेटू या. डॉक्टरांच्या सल्ल्याआधी त्याला जड कामाची घाई करायला लावू नये. आणि तो बसल्या बसल्या जे काम करील, त्याला हलके म्हणू नये.