आल्फ्रेड झिमर्न : एका अध्यासनाचा पहिला मानकरी

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय आज राज्यशास्त्राच्या कक्षेत मोडतो. त्याचे पहिले अध्यासन ज्यांच्याकडे गेले ते आल्फ्रेड झिमर्न मात्र अभिजात ग्रीक विद्येचे अभ्यासक होते. भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी या गोष्टीची दखल घ्यावयास हवी.

झिमर्न यांचा जन्म 1879 मध्ये इंग्लंडमधील सर्बिटन येथे झाला. वडिलांचे घराणे मूळचे जर्मन ज्यू होते. विंचेस्टर आणि ऑक्सफर्डचे न्यू कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. 1911 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ग्रीक कॉमनवेल्थ’ या ग्रंथात त्यांनी पाचव्या शतकातील अथेन्सचे राजकारण आणि अर्थजीवन उलगडून दाखविले. कामगारांच्या शिक्षणाची चळवळही त्यांना जवळची होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते ब्रिटिश परराष्ट्र खात्यात होते. राष्ट्रसंघाच्या कल्पनेला आकार देणाऱ्या प्रारंभिक टिपणांत त्यांचा वाटा होता.

1919 मध्ये वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन भगिनी यांच्या देणगीतून आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अध्यासन निर्माण झाले. युद्धात कामी आलेल्या विद्यार्थ्यांचे ते स्मारक होते. पुढे त्यास वुड्रो विल्सन यांचे नाव मिळाले. झिमर्न हे त्याचे पहिले प्राध्यापक. परंतु सहकारी प्राध्यापकाची पत्नी लूसी बार्बिए यांच्याशी त्यांचे प्रेमसंबंध जुळले आणि 1921 मध्ये त्यांना पद सोडावे लागले. लूसी यांच्याशी त्यांनी विवाह केला. पुढे जिनीव्हा येथील त्यांच्या आंतरराष्ट्रीय अध्ययनाच्या उन्हाळी वर्गांत त्या त्यांच्या सहकारी झाल्या. देशोदेशीचे विद्यार्थी तेथे एकत्र येत. झिमर्न यांनी पॅरिसच्या बौद्धिक सहकार्य संस्थेतही काम केले. 1930 मध्ये ऑक्सफर्डला या विषयाचे माँटेग्यू बर्टन अध्यासन सुरू झाले, त्याचेही पहिले मानकरी तेच.

राष्ट्रीयत्व ही मनाची आणि संस्कृतीची बाब आहे, राज्यसंस्था ही शासनाची. या दोहोंची सांगड अपरिहार्य नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. बहुभाषिक देशातील वाचकास हा विचार परका वाटणार नाही. तथापि त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. 1926 च्या ‘द थर्ड ब्रिटिश एम्पायर’ मध्ये साम्राज्याचे रूपांतर राष्ट्रांच्या सहजीवनात होत आहे, अशी आशा त्यांनी मांडली. भारत त्या वेळी राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य होता, पण स्वायत्त नव्हता. संस्कृती जपा, सत्तेचा प्रश्न पुढे पाहू, हे पारतंत्र्यातील माणसास पटणे कठीण होते. भाषेला मान मिळाला तरी निर्णयाचा हक्क परक्याकडेच राहतो, ही त्याची खरी व्यथा होती.

1939 मध्ये त्यांच्या पिढीच्या आदर्शवादावर कठोर टीका करणारा ‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक ई. एच. कार त्या वेळी अ‍ॅबरिस्टविथच्या त्याच अध्यासनावर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर युनेस्कोच्या पूर्वतयारी आयोगाचे काम झिमर्न यांच्याकडे आले. परंतु ते आजारी पडले आणि सूत्रे ज्यूलियन हक्सली यांच्या हाती गेली. झिमर्न अमेरिकेत स्थायिक झाले आणि 1957 मध्ये तेथेच निवर्तले.

त्यांच्या निधनापूर्वी दोन वर्षे, 1955 मध्ये, दिल्लीत सप्रू हाउसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज स्थापन झाले. 1970 मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. स्वतंत्र देशातील अशा संस्थेला सत्तेचा प्रश्न पुढे ढकलण्याचे कारण उरले नव्हते. परंतु राष्ट्रांचा अभ्यास त्यांच्या भाषा व साहित्य यांवाचून अपुरा राहतो, हा झिमर्न यांच्या ग्रीक व्यासंगातून येणारा धडा मात्र विभागांच्या भिंतींत हरवला. राष्ट्रांचे अभ्यासक एका इमारतीत, भाषांचे अभ्यासक दुसऱ्या इमारतीत, ही आपली नेहमीची स्थिती आहे. झिमर्न यांची चूक टाळून त्यांचा हा धडा घेणे आपल्याला शक्य आहे, आणि त्याची सुरुवात भाषांच्या विभागांनीच करावयास हवी.