विश्लेषण : मोबाइलमधल्या किंचाळणाऱ्या इमोजीमागचा चित्रकार, एडवर्ड मुंकने चित्रकला डोळ्यांकडून मनाकडे कशी वळवली?

गालांवर दोन्ही हात, वासलेले तोंड, विस्फारलेले डोळे. परीक्षेचा निकाल असो, पेट्रोलचा दर असो की ऐन वेळी रद्द झालेली लोकल. व्हॉट्सअ‍ॅपवर ही इमोजी कशालाही चालते. ती ज्या चित्राची आठवण करून देते ते 'द स्क्रीम' १८९३ मधले आहे आणि ते काढणारा एडवर्ड मुंक नॉर्वेचा. गंमत म्हणजे त्या चित्रातली आकृती किंचाळत नाही. मुंकने लिहून ठेवल्याप्रमाणे, दोन मित्रांबरोबर संध्याकाळी चालत असताना आकाश अचानक रक्तासारखे लाल झाले आणि साऱ्या निसर्गातून एक किंकाळी आरपार जात असल्याचे त्याला जाणवले. आकृतीचे हात कानांवर आहेत, ते ही किंकाळी ऐकू येऊ नये म्हणून.

इम्प्रेशनिझम आणि एक्स्प्रेशनिझम हे दोन शब्द कलेवरच्या लेखांत नेहमी जोडीने येतात आणि वाचणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो. मराठीत त्यांना दृक्प्रत्ययवाद आणि अभिव्यक्तिवाद म्हणतात. त्यानेही फारसा उलगडा होत नाही. मुंकचे आयुष्य पाहिले, तर मात्र एकातून दुसरे कसे निघाले हे लक्षात येते. त्याची सुरुवात 'द स्क्रीम'च्या सात-आठ वर्षे आधी, एका आजारी मुलीच्या चित्रापासून होते.

डॉक्टरच्या घरातले मृत्यू

मुंकचा जन्म १२ डिसेंबर १८६३ चा. वडील लष्करात डॉक्टर आणि कमालीचे धार्मिक. पुढच्याच वर्षी कुटुंब राजधानीत, म्हणजे तेव्हाच्या क्रिस्तियानिया आणि आताच्या ओस्लो शहरात आले. १८६८ मध्ये क्षयाने आई गेली, तेव्हा एडवर्ड पाच वर्षांचा होता. आईची बहीण कारेन हिने पाचही भावंडांना वाढवले आणि त्यांच्या हातात रंग दिले. एडवर्ड स्वतः सतत आजारी. तेराव्या वर्षी तर त्याला रक्ताच्या गुळण्या झाल्या आणि तो जेमतेम वाचला. पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, त्याच्याहून थोडी मोठी असलेली बहीण सोफी त्याच क्षयाने गेली. ती १५ वर्षांची होती. वडील डॉक्टर, पण क्षयावर तेव्हा औषधच नव्हते. त्यांच्या हाती प्रार्थना तेवढी उरली होती.

१८७९ मध्ये एडवर्डने तंत्रशाळेत प्रवेश घेतला. त्याने इंजिनीअर व्हायचे ठरले होते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितात गतीही चांगली होती, पण आजारपणामुळे हजेरी लागेना. वर्षभरातच ते सोडून त्याने चित्रकार होण्याचा निर्णय घेतला आणि वडील नाराज झाले. इंजिनीअरिंग सोडून भलतेच काही करणाऱ्यांची परंपरा बरीच जुनी आहे म्हणायची.

तेव्हा पॅरिसमध्ये काय चालले होते?

१५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत मोने, पिसारो, रेन्वा, देगा आदींनी स्वतःचे प्रदर्शन भरवले. सरकारी प्रदर्शनात, म्हणजे 'सालों'मध्ये, यांची चित्रे वारंवार नाकारली जात. पुराणकथा, इतिहास, गुळगुळीत रंगकाम हे तिथले निकष. मोनेच्या 'इम्प्रेशन, सनराइज' या चित्राच्या नावावरून लुई लेरॉय या समीक्षकाने या मंडळींना टवाळीने इम्प्रेशनिस्ट म्हटले आणि तेच नाव चिकटले.

या चित्रकारांचे म्हणणे वरवर साधे होते. समोर जे आहे ते, त्या क्षणीच्या उजेडात, डोळ्यांना दिसते तसे रंगवायचे. सावली काळी नसते, नीट पाहिले तर निळी-जांभळी दिसते. मग ती तशीच रंगवायची. शेजारी-शेजारी ठेवलेले शुद्ध रंग पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मिसळतात, ते पॅलेटवर घोटायची गरज नाही. यामागे तंत्रज्ञानाचाही हात होता. जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने १८४१ मध्ये पत्र्याच्या रंगनळीचे पेटंट घेतले. त्यापूर्वी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवावे लागत. झाकण लावता येणाऱ्या नळ्या आल्यावर चित्रकाराला रंगांची पेटी घेऊन नदीकाठी दिवसभर बसणे सोपे झाले.

चित्रकाराने समोरचे पाहावे, हा इम्प्रेशनिझमचा गाभा. मुंकची अडचण नेमकी इथेच होती. त्याला जे रंगवायचे होते ते समोर नव्हते.

'आजारी मुलगी' : ओरखडे पडलेले चित्र

१८८५ मध्ये मुंक पहिल्यांदा, काही आठवड्यांपुरता, पॅरिसला जाऊन आला. परतल्यावर त्याने सोफीचे आजारपण रंगवायला घेतले. सोफीला जाऊन आठ वर्षे झाली होती. एका मुलीला मॉडेल म्हणून खुर्चीत बसवले, शेजारी मावशी कारेन. चित्रात पांढऱ्या मोठ्या उशीला टेकलेली लाल केसांची मुलगी एका बाजूला पाहते आहे आणि तिच्याजवळच्या बाईची मान इतकी खाली आहे की तिचा चेहराच दिसत नाही.

चित्र काही केल्या जमेना. मुंकने ते रंगवले, खरवडले, पुन्हा रंगवले, पुन्हा खरवडले. कितीदा, याची गणतीच नाही. ओल्या रंगातून त्याने ओरखडे काढले, काही ठिकाणी रंग ओघळू दिला. आजही त्या कॅनव्हासवर या झटापटीच्या खुणा दिसतात. १८८६ मध्ये क्रिस्तियानियाच्या प्रदर्शनात ते लागले तेव्हा लोक समोर उभे राहून हसले. समीक्षकांनी अर्धवट, न जमलेले काम म्हणून झोडपले.

तंत्राकडे पाहिले तर ही टीका अगदीच चुकीची नव्हती. हात, टेबल, बाटली नुसती सूचित केलेली आहेत. पण मुंकला खोली दाखवायची नव्हतीच. त्या खोलीत असताना आपल्याला काय झाले होते, ते त्याला पुन्हा पकडायचे होते. डोळ्यांना आता दिसते ते आणि मनात वर्षानुवर्षे राहिलेले, यांतले दुसरे त्याने निवडले. या चित्रानेच आपल्याला वाट दाखवली, असे तो पुढे सांगत असे. ते त्याने आयुष्यात सहा वेळा रंगवले; शेवटचे १९२७ मध्ये. त्याचा खडूस टीकाकारही मान्य करील की याला विषयाची टंचाई म्हणता येत नाही.

एकच रस्ता, दोन चित्रे

१८८९ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती घेऊन तो पुन्हा पॅरिसला गेला. त्याच नोव्हेंबरात नॉर्वेत वडील वारले. त्याला अंत्यसंस्काराला पोहोचता आले नाही. त्यानंतर पॅरिसजवळच्या सें-क्लू गावात राहताना त्याने स्वतःपुरता निश्चय लिहून ठेवला : यापुढे वाचत बसलेले पुरुष आणि विणकाम करणाऱ्या बायका रंगवायच्या नाहीत, श्वास घेणारी, सोसणारी, प्रेम करणारी माणसे रंगवायची.

तरीही इम्प्रेशनिझम त्याने मन लावून शिकून घेतला. १८९० मधले त्याचे 'कार्ल योहानवरील वसंताचा दिवस' पाहिले तर हे पिसारोच्या गोतावळ्यातल्या कुणाचे तरी असावे असे वाटते. कार्ल योहान हा क्रिस्तियानियाचा मुख्य रस्ता. निळे आकाश, ठिपक्याठिपक्यांचे ऊन, लाल छत्री घेतलेली पाठमोरी बाई. दोन वर्षांनी त्याने तोच रस्ता संध्याकाळचा रंगवला. आता टोप्या घातलेल्या माणसांचा लोंढा थेट आपल्या अंगावर चालून येतो. चेहरे पांढुरके, मुखवट्यांसारखे, डोळे वटारलेले. मागच्या खिडक्या पिवळ्या पेटलेल्या आणि गर्दीच्या उलट दिशेने एकटाच कुणी निघालेला. दोन्ही चित्रे आज बर्गन शहरातल्या संग्रहालयात आहेत. इम्प्रेशनिझम आणि एक्स्प्रेशनिझममधला फरक समजून घ्यायला ही जोडी मोबाइलवर शेजारी-शेजारी ठेवून पाहणे पुरेसे आहे.

बर्लिनने हाकलले, म्हणून प्रसिद्धी

नोव्हेंबर १८९२ मध्ये बर्लिनच्या कलावंत संघाने मुंकला प्रदर्शनासाठी बोलावले. त्याने ५५ चित्रे नेली. ज्येष्ठ सदस्य इतके भडकले की मतदान झाले आणि १२० विरुद्ध १०५ मतांनी प्रदर्शन आठवड्यात बंद पाडले गेले. या वादामुळे संघात फूट पडली. मुंकला मात्र फुकटात जाहिरात मिळाली आणि तो खूश होता. तो बर्लिनमध्येच राहिला आणि पुढच्याच वर्षी 'द स्क्रीम' आले. त्याच्या रंगवलेल्या आणि खडूने काढलेल्या मिळून चार आवृत्त्या आहेत, शिवाय छापचित्र वेगळे. १८९३ च्या चित्रावर वरच्या कोपऱ्यात, हे एखादा वेडाच रंगवू शकतो, अशा अर्थाची ओळ पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेली आहे. ती कुणा वात्रट प्रेक्षकाची असावी, असा अनेक वर्षे समज होता. ओस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयाने इन्फ्रारेड छायाचित्रे घेऊन अक्षर पडताळले आणि २०२१ मध्ये ते मुंकचेच असल्याचे जाहीर केले.

१९०५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये वास्तुशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांनी 'डी ब्रूके', म्हणजे पूल, नावाचा गट काढला. जर्मन एक्स्प्रेशनिझमची सुरुवात इथून मानतात. भडक, निसर्गात नसलेले रंग, मोडलेले आकार, लाकडाच्या ठशांवरून काढलेली राकट छापचित्रे. लाकडाचे तंतू छापात तसेच उमटू देण्याची, ठसा करवतीने कापून तुकडे वेगवेगळ्या रंगांत छापण्याची युक्ती मुंकने आधीच वापरली होती. गटाचा म्होरक्या किर्खनर आपल्यावर मुंकचा प्रभाव नसल्याचे पुढे ठासून सांगत राहिला. चित्रे पाहून मात्र ते पटत नाही. १९१२ मध्ये कोलोनच्या मोठ्या प्रदर्शनात व्हॅन गॉग, सेझान, गोगां यांच्या बरोबरीने मुंकला स्वतंत्र दालन मिळाले.

दरम्यान माणूस कोसळला होता. १९०२ मध्ये प्रेयसीशी झालेल्या भांडणात पिस्तूल सुटून त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला इजा झाली. दारू वाढली, भास होऊ लागले. १९०८ मध्ये कोपनहेगनच्या एका दवाखान्यात तो सुमारे आठ महिने राहिला आणि बरा होऊन नॉर्वेला परतला. पुढे ओस्लो विद्यापीठाच्या सभागृहासाठी त्याने उगवत्या सूर्याचे भलेमोठे चित्र काढले. बरा झालेला मुंक आधीच्या मुंकएवढा धारदार राहिला नाही, असे मानणारे बरेच आहेत. सूर्याच्या त्या चित्रासमोर हे मत टिकणे अवघड.

नाझींची यादी आणि मुंबई

१९३७ मध्ये नाझींनी आधुनिक कलेला 'भ्रष्ट कला' ठरवून जर्मन संग्रहालयांतून हजारो कलाकृती काढून घेतल्या. त्यांत मुंकच्या ८२ होत्या. ड्रेस्डेनच्या संग्रहालयातली 'आजारी मुलगी'ही गेली आणि परकीय चलनासाठी विकली गेली. थॉमस ओल्सेन या नॉर्वेच्या जहाजमालकाने ती घेतली आणि १९३९ मध्ये लंडनच्या टेट गॅलरीला भेट दिली. आजही ती तिथेच आहे.

ज्या राजवटीने ही चित्रे हाकलली, तिच्यामुळेच काही माणसेही देशोधडीला लागली. त्यांतली तीन मुंबईत आली : व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर. युरोपातल्या नव्या कलेची ओळख या तिघांनी मुंबईच्या तरुण चित्रकारांना करून दिली, त्यांची चित्रे विकत घेतली, त्यांच्यावर लिहिले. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले सूझा, आरा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्यामागे हे पाठबळ होते. मूळचे गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे जाड काळ्या रेषांनी ओरबाडलेले चेहरे पाहताना एक्स्प्रेशनिझम आठवतोच.

एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा ओस्लोत शिरल्या, तेव्हा मुंक ७६ वर्षांचा होता आणि शहराबाहेर एकेली येथे एकटाच राहत होता. आपल्या घरातली चित्रेही जप्त होतील, ही धास्ती होती. त्याच महिन्यात त्याने मृत्युपत्र करून जवळचे सारे ओस्लो शहराच्या नावे केले. २३ जानेवारी १९४४ रोजी तो गेला, तेव्हा नॉर्वे अजून जर्मनांच्याच ताब्यात होता. घरात हजारावर चित्रे आणि हजारो छापचित्रे निघाली. त्यांच्यासाठी १९६३ मध्ये संग्रहालय उभे राहिले आणि २०२१ मध्ये ते १३ मजली नव्या इमारतीत गेले. 'आजारी मुलगी'च्या शेवटच्या दोन आवृत्त्या याच संग्रहालयात आहेत. सोफीने ज्या खुर्चीत शेवटचा श्वास घेतला ती मुंकने आयुष्यभर जपून ठेवली होती. तीही तिथेच आहे.