घरोघरी लक्ष्मी पोहोचविणारा चित्रकार

आज आश्विन अमावास्या, लक्ष्मीपूजनाचा दिवस. प्रदोषकाळी घरोघरी चौरंग मांडला जाईल, त्यावर नाणी, चोपड्या, लाह्या-बत्तासे ठेवले जातील, नवी केरसुणी पुजली जाईल आणि मागे भिंतीस टेकवून एक तसबीर उभी राहील. कमळावर उभी असलेली चतुर्भुज देवी, अंगावर लफ्फेदार साडी, बाजूस सोंडेत माळ धरलेला हत्ती. हे रूप आपल्या नजरेत इतके मुरले आहे की, देवीचे अनादी रूप हेच, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः जुन्या शिल्पांत गजलक्ष्मीस दोन्ही बाजूंनी हत्ती अभिषेक घालीत असतात, आणि श्रीसूक्तात साडीचा उल्लेख शोधून सापडत नाही. आपल्या देवघरातील ही लक्ष्मी एका माणसाने कल्पिली. त्याचे नाव राजा रविवर्मा.

रविवर्म्याचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. मामा राजराजवर्मा स्वतः चित्रे काढीत. भाच्याचा हात ओळखून त्यांनीच त्याला प्रथम शिकविले आणि चौदाव्या वर्षी तिरुअनंतपुरास महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेले. तैलरंगांची विद्या तेव्हा आपल्याकडे नवी होती आणि जाणकार ती सहजासहजी सांगत नसत. १८६८ साली थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. शिकविण्यास तो राजी झाला नाही. चित्र काढताना पाहण्याची मुभा तेवढी त्याने दिली. रविवर्म्याने डोळ्यांनीच ती विद्या उचलली. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्रास पारितोषिक मिळाले आणि संस्थानिकांची बोलावणी येऊ लागली. त्यांतले आपल्या कथेस महत्त्वाचे बोलावणे बडोद्याचे.

१८८१ साली सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यारोहणसमयी रविवर्मा बडोद्यास गेले. पुढे महाराजांनी राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातील चौदा चित्रांचे काम त्यांस दिले. पौराणिक स्त्री-पुरुषांचा वेष कोणता दाखवावा, हा प्रश्न आला. बंधू सी. राजराजवर्मा यांच्यासह त्यांनी उत्तर हिंदुस्थानात प्रवास केला. परंतु सर्वत्र चालेल असा प्राचीन वेष काही हाती लागला नाही. अखेरीस त्यांनी साडी पसंत केली. आमच्या मते त्यांच्या साऱ्या निवडींत ही सर्वांत दूरवर पोहोचलेली निवड होय. शास्त्रदृष्ट्या तिच्यावर आक्षेप घेता येईल. पण शकुंतला, दमयंती, लक्ष्मी या आपल्याच घरातल्या लेकीसुनांसारख्या वाटू लागल्या, त्या या साडीमुळे.

ही चित्रे राजवाड्यात जाण्यापूर्वी लोकांस दाखविण्यात आली, तेव्हा पाहण्यास मोठी गर्दी लोटली. सर टी. माधवराव यांनी तर त्याही आधी, १८८४ साली, चित्रे युरोपात छापून घेऊन स्वस्तात लोकांस द्यावीत, असे रविवर्म्यांस सुचविले होते. माधवराव हे तंजावरकडील मराठी कुळातले. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाणपद त्यांनी भूषविले. सूचना पटली, मात्र रविवर्म्यांनी युरोपात चित्रे पाठविण्याऐवजी युरोपातील यंत्र येथे आणले. १८९४ साली मुंबईस गिरगावात त्यांचा छापखाना सुरू झाला व पहिले चित्र निघाले ते शकुंतलेच्या जन्माचे.

शिळाछाप ही मोठी कष्टाची विद्या. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट खडूने चित्र उलटे उतरवावयाचे. दगड भिजविला की पाणी कोऱ्या भागावर राहते आणि शाई तेवढी तेलकट रेषांस धरते. प्रत्येक रंगास निराळा दगड. एकाच लक्ष्मीसाठी अनेक दगडांवरून कागद फिरवावा लागे आणि एखादा रंग केसभर सरकला तरी देवीचा चेहरा बिघडे. जर्मन कारागीर याच कामासाठी आणले होते.

पुण्यात १८७८ पासून चित्रशाळा देवदेवतांची रंगीत चित्रे छापीतच होती आणि आमच्या कुडाळजवळील पिंगुळीचे ठाकर त्याहून कितीतरी आधीपासून चित्रकथीच्या पोथ्या उलगडून देवळांत रामकथा सांगत आले. पण चित्रकथी पाहण्यास देवळापर्यंत यावे लागे, आणि देवळाचा उंबरठा सर्वांस मोकळा नव्हता, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. तरी लिहिले पाहिजे. कोकणात रत्नागिरीचे पतितपावन मंदिर सर्वांसाठी उघडले ते १९३१ साली. रविवर्म्यांच्या त्रावणकोरात तशी राजघोषणा झाली १९३६ साली. त्याच्या चाळीस वर्षे आधी त्यांच्या कागदावरची लक्ष्मी कोणाची जात न विचारता झोपडीत जाऊन बसली होती.

छापखान्याने त्यांस वैभव दिले नाही. मुंबईत प्लेग आला, कर्ज वाढले. छापखाना मळवलीस हलविला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकला. कित्येक चित्रे छापण्याचे हक्कही सोबत गेले. १९०५ साली बंधू राजराजवर्मा वारले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे रविवर्म्यांनी देह ठेवला.

आता ही चित्रे कोणाची? उत्सवपत्रिका व दिनदर्शिका छापणारे हा प्रश्न आम्हांस नेहमी करतात. चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, असा आजचा कायदा आहे. त्या हिशेबानेही रविवर्म्यांच्या चित्रांची मुदत १९६६ अखेर सरली. ती कोणीही छापावीत, विकावीत. मात्र जुने दिसते ते सारे मोकळे, असे समजू नये. गोमंतकाचे रघुवीर मुळगावकर १९७६ साली निवर्तले. त्यांची देवदेवतांची चित्रे २०३६ अखेरपर्यंत वारसांच्या वा हक्कधारकांच्या अनुमतीवाचून छापता येत नाहीत. चित्रकाराचे नावच नसेल, तर साठ वर्षे प्रथम प्रसिद्धीपासून मोजतात. तसेच, तसबिरीखाली रविवर्मा प्रेसचे नाव असले म्हणजे चित्र रविवर्म्यांचे ठरत नाही. छापखाना त्यांच्या पश्चात अनेक वर्षे चालला व इतरांची चित्रेही तेथून निघाली. एखाद्या संग्रहालयाकडून चित्राची उत्तम प्रत घ्यावयाची, तर तिच्या वापराच्या अटी व शुल्क आधी विचारावे.

१९७२ साली मळवलीच्या त्या छापखान्यास आग लागून फार मोठे नुकसान झाले. जुने मूळ छाप आता राहिले ते संग्राहकांकडे, संग्रहालयांत आणि आपल्यासारख्यांच्या भिंतींवर. कोकणच्या दमट हवेत कागदास बुरशी धरते, कसर लागते, आणि काच तडकली की अशी तसबीर पिंपळाखाली ठेवतात किंवा समुद्रात सोडतात. दिवाळीच्या झाडलोटीत अशी एखादी बाजूस काढली असेल, तर विसर्जनापूर्वी तिची खालची कड उजेडात धरून वाचावी आणि जाणकाराकडून तिचे नीट छायाचित्र काढून घ्यावे.