विश्लेषण : शिवणकाम, शाळा, सुश्रूषा… रमाबाई रानडेंच्या सेवासदनाने गरीब घरांतील बायकांना कमावते कसे केले?

उंच माझा झोका ही मालिका ज्यांनी पाहिली, त्यांच्या डोळ्यांसमोर रमाबाई रानडे म्हटले की नऊवारीतली, पाटी घेऊन बसलेली छोटी रमा येते. न्यायमूर्ती रानडेंची बालवधू आणि नवऱ्याने शिकवलेली बायको, एवढीच त्यांची ओळख बहुतेकांच्या मनात असते. पण न्यायमूर्ती १९०१ मध्ये गेले आणि रमाबाई त्यानंतर २३ वर्षे जगल्या. या २३ वर्षांत त्यांनी पुण्यात जे उभे केले, ते आजच्या कौशल्य प्रशिक्षणाच्या योजनांशी ताडून पाहण्यासारखे आहे. घरात कमावते माणूस नाही, पदरात मुले आहेत, हातात कसब नाही, अशा बाईने महिन्याचे चार पैसे कसे मिळवायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

रमाबाई कोण होत्या?

सातारा भागातल्या, आता सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकर घराण्यातला त्यांचा जन्म. (यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच गावचा.) १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे, बिजवर आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. त्यांनी स्वतः विधवेशी लग्न करावे अशी सुधारकांची अपेक्षा होती, पण वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले. त्यावरून त्यांच्यावर बरीच टीका झाली.

माहेरी रमेला अक्षरओळख नव्हती. रानडेंनी लग्नानंतर लगेच शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी, पुढे इंग्रजी. दिवसभर घरकाम आणि रात्री धडे, असा क्रम. हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना खपत नव्हते. टोमणे, अबोला, मुद्दाम लादलेली कामे, सगळे रमाबाईंनी सोसले. नवऱ्याच्या इच्छेविरुद्ध जायचे नाही आणि सासरच्या बायकांशीही तोडायचे नाही, अशी दुहेरी कसरत त्यांनी वर्षानुवर्षे केली. त्यांचे पुढचे काम समजून घ्यायचे तर हा भाग महत्त्वाचा आहे. शिकू पाहणाऱ्या बाईला नेमके कोण आणि कसे अडवते, हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे मुंबईत निधन झाले. रमाबाई पुण्याला परतल्या, मंडईजवळच्या जुन्या घरात राहू लागल्या आणि वर्षभर जवळपास एकांतात होत्या. मग हळूहळू बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन त्या स्त्री कैद्यांना भेटत, रुग्णालयात फळे, फुले, पुस्तके घेऊन जात. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या.

प्रश्न नेमका किती बिकट होता?

१८९६-९७ पासून प्लेगने मुंबई-पुण्यात ठाण मांडले होते आणि तो पुढे अनेक वर्षे फिरून फिरून येत राहिला. त्यातच १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ. या दोन्हींनी असंख्य घरांतला कर्ता पुरुष नेला. मागे राहिलेल्या बाईचे काय, याचे उत्तर तेव्हाचा हिंदू कायदा तुटपुंजे देत होता. एकत्र कुटुंबातल्या विधवेला मालमत्तेत हिस्सा नव्हता, होता तो फक्त पोटगीचा हक्क. ही स्थिती १९३७ च्या कायद्यापर्यंत टिकली. म्हणजे दिराच्या किंवा भावाच्या घरी राबायचे आणि दोन वेळचे जेवण मिळवायचे. मुलांची फी, औषधपाणी यासाठी हात पसरायचा.

पांढरपेशा घरातल्या अशा बाईला मिळणारी कामे ठरलेली होती. दुसऱ्याकडे स्वयंपाक, दळणकांडण, पापड-लोणची. त्यातून पोट कसेबसे भरे, संसार उभा राहत नसे. आणि ही गत केवळ विधवांची नव्हती. नवरा तुटपुंज्या पगाराचा कारकून, आजारी किंवा परागंदा असला, तरी घर चालवण्याची जबाबदारी शेवटी आईवरच येई.

आश्रम होते, मग सेवासदनाची गरज का पडली?

पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये सुरू झाले होते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि तो पुढे हिंगण्यास नेला. दोन्ही कामे मोठीच. मात्र तिथे जायचे म्हणजे घर सोडायचे. शारदा सदनाबाबत तर १८९३ च्या सुमारास धर्मांतराचा वाद पेटला, पालकांनी मुली काढून नेल्या आणि खुद्द न्यायमूर्ती रानडे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. शिकवणाऱ्या संस्थेवरचा विश्वास उडाला, तर वर्ग रिकामे होतात, हे पुण्याने तेव्हा पाहिले.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, तेव्हा अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. लगेच पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुण्यात सेवासदन सुरू झाले. जागा कुठली? रानडेंचा वाडा. ही निवड साधी वाटते, पण माझ्या मते संस्थेच्या यशातला मोठा वाटा तिचाच आहे. सुनेला एखाद्या परक्या इमारतीत शिकायला पाठवणे वेगळे आणि रानड्यांच्या वाड्यात, रमाबाईंच्या नजरेखाली पाठवणे वेगळे. रमाबाई स्वतः विधवा, राहणी साधी, वागणे रीतिरिवाज सांभाळून. सनातनी सासूलाही त्यांच्याविरुद्ध बोलायला फारसे काही सापडत नसे. काही सुधारकांना त्यांचा हा सावधपणा खटकला असेल. पण वर्गात येऊन बसणारी बाई त्या सावधपणामुळेच घराबाहेर पडू शकली.

दुपारच्या वेळेचे महत्त्व काय?

सेवासदनाचे प्रौढ स्त्रियांचे वर्ग दुपारी भरत. सकाळचा स्वयंपाक, उष्टी-खरकटी, धुणी उरकली की संध्याकाळच्या दिवेलागणीपर्यंत मधे जो वेळ उरतो, तेवढाच या बायकांचा स्वतःचा. तो दोन-तीन तासांचा वेळ संस्थेने धरला. घरकामात खंड नाही, रात्री बाहेर राहणे नाही, त्यामुळे घरच्यांच्या तक्रारीला जागा कमी. आजही वस्त्यांमध्ये चालणारे प्रशिक्षण वर्ग ओस पडतात, तेव्हा कारण अनेकदा अभ्यासक्रमात नसते. वर्गाची वेळ आणि नळाला पाणी येण्याची वेळ एकच असते.

आधी लिहिणे-वाचणे आणि हिशेब, सोबत शिवणकाम, भरतकाम, विणकाम असा शिक्षणाचा क्रम होता. शिवणकामाचा फायदा दुहेरी. घरचे कपडे घरी शिवून पैसे वाचतात आणि बाहेरचे काम घेतले तर पैसे मिळतात. शिवाय ते उंबऱ्याच्या आत बसून करता येते. पण नुसत्या शिवणकामावर एका बाईचे पोट भरेल, मुलांचे शिक्षण होईलच असे नाही. नियमित पगार देणारे व्यवसाय दोनच दिसत होते : शिक्षिका आणि परिचारिका.

त्यातला शिक्षिकेचा मार्ग त्यामानाने सोपा होता. मुलींच्या शाळा वाढत होत्या आणि पालक आपल्या मुली पुरुष शिक्षकापुढे बसवायला राजी नव्हते. म्हणजे शिक्षिकांना मागणी होती. सेवासदनाने शिक्षिकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले आणि सरावासाठी त्याला मुलींची शाळा जोडली. तिथून बाहेर पडलेली बाई गावोगावच्या शाळांत लागू शके.

नर्सिंगला एवढा विरोध का झाला?

परिचारिकेचे काम तेव्हा प्रामुख्याने ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन स्त्रियाच करत. हिंदू घरांच्या दृष्टीने त्यात सगळेच वर्ज्य होते. परजातीच्या रुग्णाला शिवायचे, त्याचे मलमूत्र काढायचे, परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, साहेब डॉक्टरांच्या हाताखाली वावरायचे. तरुण विधवेला हे काम शिकवणार म्हटल्यावर लोक काय काय बोलले असतील, याची कल्पना करणे अवघड नाही. ही बाई कामाला गेली तर घराची अब्रू जाते आणि घरी बसली तर खायला भार होते, असा तो पेच होता.

रमाबाईंनी यातून माघार घेतली नाही. मुलींना ससून रुग्णालयात प्रशिक्षणासाठी धाडले गेले आणि शिकाऊ परिचारिकांसाठी वसतिगृह काढले. पुढे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठीही वेगळे वसतिगृह झाले. संस्थेची एकूण तीन वसतिगृहे उभी राहिली. ही केवळ राहण्याची सोय नव्हती. मुलगी कुठे राहते, कोणाबरोबर जेवते, कधी येते-जाते, याचे उत्तर वसतिगृहामुळे घरच्यांना मिळत होते. रुग्णालय सरकारी असले, तरी जबाबदारी सेवासदनाची, म्हणजे पर्यायाने रमाबाईंची. स्वतःच्या नावाची पत त्यांनी इथे तारण ठेवली, असे म्हटले तरी चालेल.

याला आणखी एक बाजू होती. मंगलकार्यात विधवेचे तोंड पाहणे अशुभ मानणारा समाज आजारपणात तिच्याच हातून औषध घेऊ लागला. बाळंतपणासाठी प्रशिक्षित हात मिळू लागल्यावर तर ज्यांनी नावे ठेवली, त्यांच्याच घरून बोलावणी येण्याची वाट मोकळी झाली. प्रशिक्षित परिचारिकेचा पगार ठरलेला, महिन्याच्या महिन्याला येणारा. त्या पगारावर मुलाला शिकवता येत होते. भावाकडे हात पसरावा लागत नव्हता.

कारभार कोण पाहत होते?

रमाबाई एकट्या नव्हत्या. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामातले त्यांचे मुख्य सहकारी. वर्गणी गोळा करणे, सरकारदरबारी अर्ज, हिशेब, नव्या शाखांची जुळवाजुळव, ही बाजू प्रामुख्याने देवधरांची. भारत सेवक समाज गोखल्यांनी १९०५ मध्ये काढलेला आणि गोखले हे न्यायमूर्तींचे शिष्य. त्यामुळे हे सगळे एकाच वर्तुळातले काम होते. १९१५ मध्ये पुणे सेवासदनाची रीतसर संस्था म्हणून नोंदणी झाली. १९१३ मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंनी मदतीची व्यवस्था केली, आणि आळंदीच्या यात्रांमध्ये सेवासदनाच्या बायका सेवेसाठी जात.

या कामाच्या मर्यादा काय?

त्या सांगितल्याच पाहिजेत. सेवासदनाच्या वर्गांत येणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया ब्राह्मण आणि इतर उच्चवर्णीय घरांतल्या होत्या. गरीब, पण पांढरपेशा. शेतमजूर, गिरणी कामगार किंवा अस्पृश्य वस्तीतल्या आयांना घराबाहेर पडण्याची परवानगी मागावी लागत नव्हती. त्या पहाटेपासून बाहेरच असत. त्यांच्याकडे दुपारचा मोकळा वेळ नव्हता, आणि एक दिवसाची मजुरी बुडवून शिकायला येणे परवडणारे नव्हते. दुपारचा वर्ग ज्या बाईसाठी आखला होता, ती बाई वेगळी होती. विठ्ठल रामजी शिंदे यांचे अस्पृश्य वस्त्यांमधले काम याच काळात मुंबई-पुण्यात सुरू होते, आणि त्यापुढची अडचणींची यादी सेवासदनापेक्षा पुष्कळ निराळी होती.

शेवटच्या वर्षांत रमाबाई राजकारणात का उतरल्या?

वर्ग चालवताना एक गोष्ट दरवर्षी दिसत असणार. तिशीतल्या बाईला मुळाक्षरापासून शिकवावे लागते, कारण सातव्या वर्षी तिला कोणी शाळेत घातलेले नसते. १९२० च्या सुमारास पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा विषय निघाला. पैसा अपुरा आहे, तेव्हा सक्ती आधी मुलग्यांपुरती ठेवावी, असे सांगणारा मोठा पक्ष शहरात होता. मुलींनाही त्याच वेळी सक्ती हवी, यासाठी रमाबाईंनी पुण्यातल्या स्त्रिया संघटित केल्या. आयुष्यभर वाद टाळत आलेल्या या बाईंनी साठीच्या उंबरठ्यावर हा वाद अंगावर घेतला. पाठोपाठ मुंबई इलाख्यातल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही त्या पुढे होत्या. १९२१ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाने स्त्रियांना मतदानाचा हक्क मान्य केला. अर्थात मालमत्तेची अट होतीच, त्यामुळे सेवासदनातून शिकून बाहेर पडलेल्या कितीजणींना तो हक्क प्रत्यक्षात मिळाला असेल, हा प्रश्न उरतो.

१९२४ मध्ये रमाबाई गेल्या. तोवर पुणे सेवासदनातून हजाराहून अधिक स्त्रियांनी प्रशिक्षण घेतले होते. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मकथन, आमच्या आयुष्यातील काही आठवणी, आजही छापले आणि वाचले जाते. पण ते न्यायमूर्तींच्या आठवणींचे पुस्तक आहे आणि त्यांच्या मृत्यूपाशी थांबते. त्यानंतरच्या या २३ वर्षांवर रमाबाईंनी तसे पुस्तक लिहिले नाही.