भाभांचे पॉझिट्रॉन आणि परळचा पेट स्कॅन

शिरूर किंवा दौंडमध्ये हात मोडला तर एक्स-रे गावातच निघतो. कर्करोगाचा संशय आला, की मात्र अनेकांना पुणे गाठावे लागते. काही जण दौंड जंक्शनवरून रेल्वेने मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात जातात. तिथे डॉक्टर कधी कधी पेट स्कॅन करायला सांगतात. या रुग्णालयाशी आणि या तपासणीमागच्या विज्ञानाशीही डॉ. होमी भाभा यांचे नाव जोडलेले आहे.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, अशी घरच्यांची इच्छा होती. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि मन भौतिकशास्त्रात रमले. आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळव, मग हवे ते शीक, अशी वडिलांची अट होती. ती त्यांनी पूर्ण केली.

१९३१ मध्ये त्यांच्या आत्या, सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई, रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढे १९४१ मध्ये टाटा न्यासाने परळला कर्करोग रुग्णालय सुरू केले.

१९३२ मध्ये पॉझिट्रॉन, म्हणजे धन विद्युतभार असलेला इलेक्ट्रॉन, सापडला. तो साध्या इलेक्ट्रॉनवर आदळला तर काय होते, याचे गणित भाभांनी मांडले. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्या वेळी रुग्णाला त्याचा काही उपयोग दिसत नव्हता.

पेट स्कॅनचा शोध भाभांचा नव्हे. पण तो याच कणावर चालतो. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. कर्करोगाच्या बहुतेक पेशी ती जास्त ओढून घेतात. फ्लोरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटताच दोन्ही नष्ट होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना जातात. त्यावरून संगणक जागा शोधतो. एक्स-रे आणि सीटी स्कॅन शरीराची रचना दाखवतात, एमआरआय चुंबकाच्या साह्याने मऊ ऊती दाखवतो. पेट पेशींचे काम दाखवतो. म्हणूनच नव्या औषधांच्या आणि मेंदूच्या संशोधनातही तो वापरतात.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीवर भारतात आले. महायुद्ध सुरू झाले आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि १९५४ मध्ये तुर्भ्याचे अणुकेंद्र त्यांनी उभे केले. १९६२ मध्ये टाटा रुग्णालय त्यांच्या अणुऊर्जा विभागाकडे आले. पुढच्याच वर्षी परळला किरणोत्सारी द्रव्यांनी निदान आणि उपचार करणारे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले.

२४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधील विमान अपघातात भाभांचा मृत्यू झाला. भारतातला पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये परळच्या याच केंद्रात बसला. तरुणपणी ज्या कणाचे गणित त्यांनी मांडले, तोच कण आज तिथे कर्करोग कुठवर पसरला आहे हे दाखवतो.