ज्यांना देश उरला नाही, त्यांना ओळख देणारे फ्रिट्यॉफ नान्सेन

१३ मे हा फ्रिट्यॉफ नान्सेन यांचा स्मृतिदिन. आपल्याकडे हे नाव फारसे घेतले जात नाही. घेतले तरी उत्तर ध्रुवाकडे गेलेला धाडसी संशोधक एवढीच त्यांची ओळख सांगितली जाते. परंतु छळामुळे देश सोडावा लागलेल्या माणसाला आज दुसऱ्या देशाकडे आश्रय मागता येतो, त्या व्यवस्थेचा पाया घालणाऱ्यांत ते अग्रभागी होते. म्हणून त्यांचे कार्य आम्ही वाचकांसमोर ठेवत आहोत.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वेत झाला. शिक्षणाने ते प्राणिशास्त्रज्ञ. १८८८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ग्रीनलँडचा बर्फ स्कीवरून ओलांडला. १८९३ मध्ये 'फ्राम' हे जहाज घेऊन ते उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर निघाले आणि तीन वर्षांनी सुखरूप परतले. पुढे नॉर्वे स्वतंत्र झाल्यावर त्यांनी लंडनमध्ये देशाचे राजदूत म्हणून काम केले.

पहिल्या महायुद्धानंतर त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने त्यांच्यावर युद्धकैद्यांना घरी पोहोचवण्याची जबाबदारी सोपवली. सुमारे दोन वर्षांत चार लाखांहून अधिक कैदी मायदेशी परतले. १९२१ मध्ये ते राष्ट्रसंघाचे निर्वासितांसाठीचे पहिले उच्चायुक्त झाले.

रशियातील क्रांती आणि यादवी युद्धामुळे लाखो माणसे युरोपभर विखुरली होती. डिसेंबर १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने त्यांपैकी बहुतेकांचे नागरिकत्व काढून घेतले. तोवर युद्धामुळे सर्वत्र पासपोर्ट आणि व्हिसाची सक्ती झाली होती. ज्याच्यामागे सरकार नाही त्याला पासपोर्ट मिळेना, आणि पासपोर्ट नाही म्हणून काम शोधायला दुसऱ्या देशातही जाता येईना. गुन्हा काही नाही, तरी माणूस कायद्याच्या नजरेत कोणीच नाही, अशी ती अवस्था होती.

नान्सेन यांनी यावर साधा उपाय काढला. निर्वासित ज्या देशात आहे त्या देशाच्या सरकारने त्याला ओळखपत्र द्यायचे आणि इतर सरकारांनी ते ग्राह्य धरायचे. जुलै १९२२ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत हे मान्य झाले. लोक त्याला 'नान्सेन पासपोर्ट' म्हणू लागले. १९२४ पासून तो आर्मेनियन निर्वासितांनाही मिळू लागला आणि पुढे पन्नासहून अधिक सरकारांनी त्याला मान्यता दिली. संगीतकार स्ट्राविन्स्की आणि लेखक नाबोकोव्ह यांनीही याच कागदावर प्रवास केला. त्याने नागरिकत्व मिळत नव्हते. पण सीमेवरच्या अधिकाऱ्यासमोर माणूस नावागावासह उभा राहू शकत होता.

१९२२ चे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले. तरी त्यांचे सगळेच निर्णय सुखाचे ठरले नाहीत. त्यांनी पुढे मांडलेल्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या अदलाबदलीत लाखो लोकांना सक्तीने घर सोडावे लागले. आर्मेनियन निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी त्यांनी मागितलेले कर्ज सरकारांनी दिले नाही. १३ मे १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचा धागा १९५१ च्या निर्वासितविषयक करारापर्यंत पोहोचतो. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची रास्त भीती असेल, तर देशाबाहेर पडलेली व्यक्ती दुसऱ्या देशाकडे आश्रय मागू शकते. थेट धोक्यातून आलेला माणूस विनापरवाना सीमा ओलांडून आला, पण विलंब न करता अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन त्याने योग्य कारण सांगितले, तर केवळ त्या प्रवेशासाठी त्याला शिक्षा करू नये, असे हा करार सांगतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जिथे त्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तिथे त्याला परत ढकलू नये.

भारताने या करारावर सही केलेली नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तरीही गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावची तिबेटी वसाहत आपल्या विदर्भातच आहे. भारतातील तिबेटी निर्वासितांकडे आपल्या सरकारने दिलेले नोंदणी प्रमाणपत्र असते आणि परदेशी जाताना पासपोर्टऐवजी ओळख प्रमाणपत्र मिळते. नान्सेन यांची कल्पना आपल्या इतक्या जवळ जिवंत आहे.

मात्र कायदा नसेल तर आश्रय हा सरकारच्या मर्जीचा विषय राहतो. एका समूहाला तो मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. दाराशी आलेल्याचा धर्म किंवा देश पाहून नव्हे, तर त्याच्यावरचा धोका पाहून निर्णय व्हावा, यासाठी कायदा हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे. नान्सेन यांना विनम्र अभिवादन करताना ही मागणी आपण विसरू नये.