किंग कँप जिलेट व त्याचा वस्तरा

आमच्या वार्षिकांत सेनापति, शास्त्रज्ञ व देशभक्त ह्यांचीं चरित्रें नेहमीं येतात, आणि तें योग्यच आहे. यंदा मात्र आम्हीं अशा एका पुरुषाचें चरित्र निवडलें आहे कीं, ज्याचें नांव जगांतील असंख्य घरांच्या आरशापुढें पोहोंचलें, परंतु ज्याच्या आयुष्याची हकीकत फारच थोड्यांस ठाऊक आहे. ह्या निवडीस एक लहानसा प्रसंग कारण झाला. शेवटच्या वर्गांतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत आमच्याजवळ आला, आणि दाढीसाठीं कोणता वस्तरा विकत घ्यावा, असें त्यानें मोठ्या संकोचानें विचारलें. वडिलांस विचारण्याची त्यास लाज वाटत होती, व दुकानांतील चकचकीत वेष्टणें पाहून त्याची मति गुंग झाली होती. त्या वेळीं आम्हीं त्यास दोन शब्दांत उत्तर दिलें. पण प्रश्न मनांत राहिला. एखादी वस्तु निवडावयाची तर ती कशी व कां निर्माण झाली हें प्रथम जाणावें, अशी आम्हां शिक्षकांची खोड आहे. म्हणून हें चरित्र.

किंग कँप जिलेट ह्याचा जन्म अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत, फॉन्ड-डु-लॅक ह्या गांवीं, ५ जानेवारी १८५५ रोजीं झाला. किंग म्हणजे राजा. परंतु नांवाखेरीज दुसरें कांहीं राजेपण त्याच्या वाट्यास आलें नव्हतें. बापास यंत्रांचा व नव्या कल्पनांचा नाद होता, आणि तोच नाद मुलांसही लागला. आई सुगरण होती, आणि तिनें लिहिलेलें ‘व्हाइट हाउस कुक बुक’ हें पाकशास्त्राचें पुस्तक १८८७ सालीं प्रसिद्ध होऊन अमेरिकेंत घरोघर गेलें. कुटुंब पुढें शिकागो शहरीं येऊन राहिलें. तेथें १८७१ सालीं जी प्रचंड आग लागली, तींत ह्या कुटुंबाचें होतें नव्हतें तें सर्व जळून गेलें. किंग त्या वेळीं सोळा वर्षांचा होता, म्हणजे आमच्या वरच्या वर्गांतील मुलांच्याच वयाचा. शाळा सुटली, आणि पोटासाठीं त्यास नोकरी धरावी लागली.

लौकरच तो फिरता विक्रेता झाला. आज ह्या गांवीं, उद्यां त्या गांवीं, हातांत मालाचे नमुने घेऊन दुकानदारांचे उंबरठे झिजवावयाचे, असा त्याचा क्रम वर्षानुवर्षें चालला. ह्या भटकंतींत त्यानें लहानसहान सुधारणा शोधून त्यांचे पेटंट, म्हणजे सरकारी हक्क, मिळविले. पण त्यांपासून त्यास म्हणण्यासारखा पैसा मिळाला नाहीं. १८९१ च्या सुमारास तो बाटल्यांचीं बुचें करणाऱ्या विल्यम पेंटर नांवाच्या कारखानदाराकडे नोकरीस लागला. सोड्याच्या बाटलीवर दांतेरी कडेचें जें पत्र्याचें बूच आपण पाहतों, तें ह्याच पेंटरनें काढिलें. त्यानें जिलेटला मसलत दिली कीं, एकदां वापरून टाकून द्यावी अशी एखादी वस्तु शोधून काढ. म्हणजे गिऱ्हाईक पुन्हां पुन्हां तुझ्याकडेच येईल. हा उपदेश जिलेटच्या डोक्यांत घर करून बसला.

येथें त्याच्या स्वभावाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. नाहींतर हें चरित्र केवळ एका धूर्त व्यापाऱ्याचें वाटेल. गांवोगांव हिंडतांना त्यास जागोजाग दिसे तें हें कीं, एकच माल विकण्यासाठीं दहा जण धडपडतात, एकमेकांस बुडवितात, आणि ह्या ओढाताणींत श्रम व संपत्ति ह्यांची केवढी तरी नासाडी होते. १८९४ सालीं त्यानें ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ नांवाचें पुस्तक छापून प्रसिद्ध केलें. व्यापारी चढाओढ हेंच सर्व अनर्थाचें मूळ आहे, सर्व उत्पादन एकाच लोकांच्या संस्थेनें करावें, नायगारा धबधब्याजवळ एकच अवाढव्य नगर वसवून कोट्यवधि लोकांनीं तेथें राहावें, आणि त्या धबधब्याच्या शक्तीवर तेथील सर्व यंत्रें चालवावीं, अशी योजना त्यांत आहे. पुस्तक फारसें कोणी मनावर घेतलें नाहीं. परंतु चढाओढीचा हा वैरी पुढच्याच वर्षीं अशी एक वस्तु कल्पूं लागला कीं, जिनें त्यास व्यापारी चढाओढींतील एक अग्रगण्य पुरुष करून सोडलें!

१८९५ सालीं जिलेट मॅसॅच्युसेट्स संस्थानांत ब्रुकलाइन येथें राहत असे. एके दिवशीं सकाळीं तो दाढी करावयास बसला, तों वस्तऱ्याची धार पार गेलेली. चामड्याच्या पट्ट्यावर घासूनही ती येईना. त्या काळीं वस्तरा म्हणजे जाड पाठीचें, घडवलेल्या पोलादाचें एक लांब पातें असे. तें वारंवार पट्ट्यावर घासावें लागे, आणि मधून मधून दगडावर लावण्यासाठीं कारागिराकडे द्यावें लागे. हातांत आरसा व वस्तरा धरून उभ्या असलेल्या जिलेटच्या मनांत एकाएकीं विचार आला कीं, केस कापते ती धार. मग पाठीमागचें एवढें पोलाद कशाला? कागदासारखें पातळ, दोहों बाजूंस धार असलेलें पातें दोन पट्ट्यांच्या मध्यें घट्ट धरलें, त्यास एक मूठ जोडली, आणि धार गेली कीं पातें तेवढें टाकून नवें घातलें, तर पट्टाही नको आणि दगडही नको.

वाचकांचा येथें गैरसमज होऊं नये. जखम न होईल असा वस्तरा जिलेटनेंच प्रथम काढिला, असें नाहीं. पात्यास आड बसवून कातडीचें रक्षण करण्याची युक्ति फ्रान्समध्यें अठराव्या शतकांतच पेरे नांवाच्या कारागिरानें योजिली होती. आणि न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनीं १८८० च्या सुमारास तसा वस्तरा बाजारांत आणिला होता. परंतु त्यांतील पातें जाडच असे व त्यास धार लावीत बसावें लागे. जिलेटचें नवें तें पातळ, स्वस्त व टाकून देण्याजोगें पातें.

कल्पना क्षणांत सुचली. ती सिद्धीस जाण्यास आठ वर्षें लागलीं. जिलेट स्वतः यंत्रशास्त्र शिकलेला नव्हता. पोलादाचा पातळ पत्रा तापवून पाणी दिलें कीं तो वांकडातिकडा होई, आणि त्यावर वस्तऱ्याची धार येईना. बोस्टन येथील प्रसिद्ध तंत्रविद्यालयाच्या जाणत्या लोकांनींही हें होणें नाहीं असें सांगून त्यास परत पाठविलें. मित्र त्याची थट्टा करूं लागले. अखेरीस त्याच विद्यालयांत शिकलेला विल्यम निकर्सन नांवाचा कुशल यंत्रज्ञ १९०१ सालीं त्यास मिळाला, आणि पातळ पोलाद न वांकवितां कठीण करण्याची व त्यास धार देण्याची यंत्रें त्यानें तयार केलीं. कल्पना जिलेटची खरी, पण ती हातांत धरण्याजोगी झाली ती निकर्सनमुळें. आणि वेष्टणावर चित्र छापलें गेलें तें मात्र एकट्या जिलेटचें. जगांत असें पुष्कळदां घडतें, म्हणून निकर्सनचें नांव आम्हीं येथें मुद्दाम नमूद करून ठेवितों.

त्याच वर्षीं बोस्टन येथें कंपनी स्थापन झाली. १९०३ सालीं, विक्रीच्या पहिल्या वर्षीं, अवघे ५१ वस्तरे व १६८ पातीं खपलीं. दुसऱ्या वर्षीं मात्र नव्वद हजारांवर वस्तरे गेले, व १५ नोव्हेंबर १९०४ रोजीं पेटंटही मिळालें. वस्तऱ्याची किंमत पांच डॉलर होती, म्हणजे त्या काळच्या साध्या कामगाराची कित्येक दिवसांची मजुरी. वस्तरा जवळजवळ फुकट द्यावा व पात्यांवर नफा काढावा ही युक्ति जिलेटची, असें आज सर्रास लिहिलें जातें. परंतु आरंभीं तसें नव्हतें. मूठ चांगली, जड व टिकाऊ असे आणि ती महागच विकली जाई. १९२१ सालीं पेटंटची मुदत संपून दुसरे कारखानदार पुढें सरसावले, तेव्हां कोठें जुन्या घाटाचा वस्तरा कंपनीनें एका डॉलरला देऊं केला.

पहिल्या महायुद्धानें ह्या वस्तऱ्याचा प्रसार झपाट्यानें केला. १९१८ सालीं अमेरिकन सरकारनें आपल्या शिपायांसाठीं सुमारें ३५ लाख वस्तरे व तीन कोटींहून अधिक पातीं मागविलीं. स्वतः दाढी करण्याची सवय घेऊनच शिपाई घरोघर परतले. आमच्याकडेही, न्हाव्यानें धोपटी घेऊन दारीं यावें आणि ओसरीवर बसून श्मश्रू करावी, ही जुनी रीत मागें पडून घरोघर खिडकींत आरसा, वाटी व तुरटीचा खडा मांडला जाऊं लागला, तो ह्याच शोधाच्या योगानें.

आतां ह्या माणसाचा शेवट ऐका. कंपनीच्या सत्तेविषयीं जॉन जॉइस नामक भांडवलदाराशीं त्याचा तंटा झाला, आणि १९१० च्या सुमारास बहुतेक भाग विकून जिलेट कारभारांतून दूर झाला. अध्यक्षपद नांवाला राहिलें. त्याच सालीं त्यानें सर्व उद्योगांची मिळून एक जागतिक संस्था काढण्याचें ठरविलें, आणि माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांस तिच्या अध्यक्षपदासाठीं दहा लक्ष डॉलर देऊं केले. ते त्यांनीं नाकारले. १९२४ सालीं त्यानें ह्याच विषयावर आणखी एक पुस्तक काढलें. नगर वसलें नाहीं. कॅलिफोर्नियांतील जमिनींत त्यानें पैसा गुंतविला. १९२९ नंतरच्या मंदींत उरलेल्या भागांची किंमत कोसळली. १९३१ सालीं अध्यक्षपदही गेलें. आणि ९ जुलै १९३२ रोजीं, ज्याचा चेहरा जगांतील कोट्यवधि लोक रोज सकाळीं पाहत असत, तो मनुष्य जवळजवळ निष्कांचन स्थितींत मरण पावला. कॅलाबासस येथें त्यानें हौसेनें बांधलेली मळ्यांतील वाडी आज सार्वजनिक उद्यान आहे. सर्वांनीं मिळून उपभोगावें असें कांहींतरी निर्माण व्हावें, ही त्याची इच्छा एवढ्यापुरती तरी पुरी झाली म्हणावयाची.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. दुकानांत आज नाना तऱ्हेचे वस्तरे आहेत. १९७१ सालीं ह्याच कंपनीनें एका खोबणींत दोन पातीं बसविलीं. पुढें १९९८ सालीं तीन व २००६ सालीं पांच झालीं. हीं पातीं प्लॅस्टिकच्या तुकड्यांत जखडलेलीं असतात, व तो तुकडा सगळाच टाकावा लागतो. ह्याउलट जुन्या दुधारी वस्तऱ्याची मूठ एकदां घेतली कीं बाप मुलास देऊं शकतो, आणि नवें पातें चहाच्या एका पेल्याहून स्वस्त पडतें. आमचें मत दुधारीच्या बाजूचें आहे. तो निवडतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, मूठ धातूची व हातांत भरेल अशी जड असावी. म्हणजे वस्तरा आपल्याच वजनानें चालतो व दाबावा लागत नाहीं. दुसरी, पात्याखालची आड सरळ दांडीची असावी. दांतेरी फणीची आड वाढलेल्या दाट दाढीस उपयोगी, नवशिक्यास नव्हे. तिसरी, आडेपुढें पात्याची धार फार बाहेर डोकावत नसावी, व ती दोन्ही बाजूंस सारखी दिसावी. पातें पट्ट्यांमध्यें किंचित् वांकून ताठ बसलें पाहिजे; सैल पातें थरथरतें, व जखमा बहुधा त्यानेंच होतात. मग ऊन पाणी, साबणाचा फेंस, हलका हात, आणि धीर. चेहरा कांहीं पळून जात नाहीं.

शेवटीं एक विनंति. पेंटरनें जिलेटला वापरून टाकण्याची वस्तु शोध म्हणून सांगितलें, पण ती टाकावी कोठें हें सांगितलें नाहीं. आपण केरांत फेंकलेलें पातें कचरा वेंचणाऱ्या एखाद्या बाईच्या किंवा पोराच्या हातांत शिरतें. म्हणून जुनीं पातीं एका पत्र्याच्या डबींत सांठवावीं, आणि डबी भरली कीं ती पक्की बंद करून, वर तसें लिहून, वेगळी द्यावी.

जिलेटनें ज्या नगरासाठीं लेखणी झिजविली तें स्वप्नांत राहिलें. आणि सकाळच्या एका त्राग्यांतून सुचलेली, आठ वर्षें चिकाटीनें धरून ठेवलेली लहान वस्तु जगभर गेली. त्याच्या वस्तऱ्यांत टाकावयाचें तें पातें व राखावयाची ती मूठ, हा भेद स्वच्छ आहे. वस्तूंच्या बाबतींत हा भेद आपण विसरत चाललों आहों, आणि आयुष्यांत तो ओळखणें त्याहूनही कठीण आहे. ज्या विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न विचारला, त्यानें घरीं जाऊन वडिलांसच विचारावें, असें आम्ही त्यास आतां सांगतों. कदाचित् कपाटाच्या खणांत आजोबांची मूठ अजून असेल. ती घासून पुसून घ्यावी, आणि दुकानांतून फक्त नवें पातें आणावें.